अंगातल्या पैलवानांचा खुराक

माझा उजवा डोळा बिघडला ते मिस्ड कॉल देऊन काम भागवायचे दिवस. दोन दिवसांत त्या डोळ्यातलं जग धुरकट झालं. चष्मेवाल्यानं मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पिटाळलं, त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे.

माझे वडील, आबा, मंगळवार पेठेतल्या एका तालमीचे वस्ताद. दुखणं कुठलंही असो, इलाज एकच, खुराक वाढवा. पोरीची प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणत त्यांनी मला म्हशीचं धारोष्ण दूध आणि बदाम सुरू केले. डॉक्टरांनाही अभिमानानं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, शक्ती कमी नाही, भलतीकडे वळलीय. अंगाचे राखणदार परक्याला सोडून डोळ्यामागच्या नसेलाच बडवतायत. त्यांची खूण रक्तात सापडते का, ते बघायला नमुना मुंबईला पाठवायचा. सापडली तर दुसऱ्या डोळ्यालाही धोका, आणि त्यांना दाबून ठेवायला कायमच्या गोळ्या. तोवर सलाईनमधून स्टिरॉइड.

रिक्षात आबा म्हणाले, "म्हंजे आपलाच पैलवान माजलाय."

माजलेल्या पैलवानाला आबांच्या तालमीत एकच शिक्षा, खुराक बंद. दूध गेलं, बदाम गेले, मटणाचं तर नावच काढायचं नाही. माझ्या ताटात भात आणि आमटीचं पाणी. त्यात स्टिरॉइडनं अशी भूक लागायची की भिंत खावी. रविवारी शेजारून पांढऱ्या रश्श्याचा वास आला की मी खरंच रडायची. आईनं एकदा भाकरीखाली अंडं दडवलं, तेही पकडलं गेलं. खाण्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी फोनवर दोनदा सांगितलं. आबांचा सवाल एकच, त्यांनी कधी लाल माती अंगाला लावलीय का?

चांगला डोळा झाकून रोज एखादी लाल वस्तू बघायची, असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं. नस सुधारली की रंग परत येतो म्हणे. आमच्या घरात सगळ्यात लाल काय, तर तारेवर वाळणारा आबांचा लंगोट. रोज सकाळी भर गल्लीत, डाव्या डोळ्यावर हात ठेवून मी बापाचा लंगोट न्याहाळत उभी. शेजारणी काय म्हणत असतील, देव जाणे. मला तो मळक्या विटेसारखा दिसायचा. मी नाही म्हणून मान हलवली की आबा तालमीकडे निघायचे.

मुंबईचा रिपोर्ट आला. खूण सापडली. मी घाबरले, चिडले, ताट ढकलून दिलं. एक डोळा असा, उद्या दुसराही गेला तर? आबा म्हणाले, "गेला तर गेला. माझं दोन हाईत की."

आणि मग एका सकाळी तारेवर लाल दिसलं. चक्क लाल. मी ओरडलेच.

आबांचा विश्वास बसेना. "भुकंपायी खोटं बोलतीयास."

"खोटं कशाला? कडेला हिरव्या दोऱ्याची शिवण उसवलीय, बघा की."

आबांनी शिवण चाचपली. पिशवी घेतली आणि मटण आणायला गेले.

जेवताना आबांनी आधी माझ्या तळहातावर गोळी ठेवली, मगच रस्सा वाढू दिला. मी तिसरी वाटी मागितली तेव्हा आई म्हणाली, "त्यांनाही वाढू दे जरा. तुझ्याबरोबर त्यांचाही खुराक बंदच होता."

मी वर बघितलं. आता दोन्ही डोळ्यांनी नीट दिसत होतं, आबा किती वाळले होते ते.