जावेच्या गोळ्या

पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं. कळव्याच्या घरात पंखा पाचवर ठेवूनही मला घाम फुटायचा आणि शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिताना कागद हाताला चिकटायचे. टिटवाळ्याची मोठी जाऊ म्हणाली, "अगं, कशाला जीव काढतेस? मला बघ, कशी ठणठणीत आहे!" आणि पर्समधून तिच्या हॉर्मोनच्या गोळ्यांची स्ट्रिप काढून दिली. आमच्याकडे गोळ्या लोणच्यासारख्या एकमेकींना वाटल्या जातात. एकीला लागू पडली की घरभर फिरते. ती दर महिन्याला देत गेली, मी चार महिने घेतल्या. घाम थांबला, झोप लागायला लागली.

पाचव्या महिन्यात रक्त दिसलं.

टेंभी नाक्याजवळच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून सांगितलं, पिशवीचं अस्तर जाड झालंय, कॅन्सर नाही ना हे बघायला तुकडा तपासावा लागेल. मग त्यांनी समजावलं. जावेची पिशवी चाळिशीतच काढलेली, तिला नुसतं इस्ट्रोजेन चालतं. जिला पिशवी आहे तिला सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर अस्तर वाढत राहतं. शिवाय गोळीपेक्षा कातडीवरचा पॅच किंवा जेल घेतलं, तर रक्ताच्या गुठळ्यांची भीती कमी. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. चार महिन्यांत मला कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं.

"कुणी दिल्या?"

"मीच आणल्या," मी म्हणाले. जावेला वाचवायला नाही, लाज वाटली म्हणून.

रिपोर्टला आठ दिवस होते. जावेला मात्र फोन करून सुनावलं, "ताई, तुमच्यामुळे झालं हे. आता मला फोन करू नका." तरी तिचा रोज सकाळी एक फोन यायचा. मी उचलला नाही. राग होताच, पण रागापेक्षा भीती जास्त होती, हे कबूल करते. नवऱ्याशीही धड बोलत नव्हते.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. अस्तर परत तपासायचं ठरलं, आणि मला जेल आणि सोबत प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल लिहून दिली. दवाखान्याच्या पायरीवरूनच मी जावेला फोन लावला.

"ताई, काही निघालं नाही."

 पलीकडे ती रडायलाच लागली.

"आठ दिवस मी पण गोळी घेतली नाही गं. नुसती घामाने भिजतेय. तू तिकडे अशी, मी कुठल्या तोंडाने घेऊ?"

मी पायरीवरच बसले.

"वेडेपणा करू नका, ताई. आजच्या आज घ्या. तुम्हाला चालते ती."