नाक्यावरची वर्षाराणी

आमच्या मागच्या खोलीत राहायला आली तेव्हा वर्षाराणीने आधार कार्डाची झेरॉक्स माझ्या हातात दिली, पण स्वतःकडचं टोक काही सोडलं नाही.

"वहिनी, ही कशाला लागतीय?"

भाडेकराराला आणि पोलीस ठाण्यातल्या नोंदीला, असं मी सांगितलं. मग तिने पर्समधून पेन काढलं, कागदावर तिरकं 'फक्त बोईसरच्या खोलीच्या करारासाठी' असं लिहिलं, तारीख टाकली आणि मगच बोटं सैल केली. मला जरा रागच आला. आम्ही काय तिच्या नावावर सिमकार्डं विकत बसणार होतो?

कारण पुढे कळलं. ती बीडकडची, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. नवऱ्याशी, कैलासशी, कोर्टातून फारकत झालेली. पण तो ती मानत नसे. पत्ता मिळाला की यायचा आणि दारात उभं राहून गल्ली गोळा करायचा. दुसऱ्या दिवशी घरमालक हात जोडायचे, बाई, तुम्ही दुसरीकडे बघा. आमच्याआधीच्या दोन्ही खोल्या अशाच सुटल्या. शेवटच्या वेळी पत्ता गेला तो कंपनीला कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या टेबलावर उघड्या पडलेल्या झेरॉक्सवरून. कुणा गाववाल्याने तिचा फोटो काढून धाडला होता.

"मला एक दार पाहिजे वहिनी," ती म्हणायची, "जिथनं मला कुणी ऊठ म्हणणार नाही. आन ते कुठं हाय ते त्याला कळाय नको."

बेटेगावला एक इमारत होत आली होती. तिथे तिने एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट पसंत केला. सोबत म्हणून मी जायचे. घरातलं आवरून रिक्षा पकडायची आणि दिवसभर खुर्च्या बदलत बसायचं, हे मग माझंही कामच होऊन गेलं.

बुकिंग ऑफिसात दर्पण नावाचा गृहस्थ होता. गोड बोलणारा, सगळ्यांना मॅडम म्हणणारा. वर्षाराणीने त्याला आधी अर्धे आकडे झाकलेलं आधार दिलं.

"मॅडम, पूर्ण नंबर लागेल."

"कोण बघणार तो?"

"बघणार कोणी नाही. फाइलला लागतो."

"कोणी बघणारच नाही तर लागतो कशाला?"

दर्पणने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या स्विमिंग पूलच्या चित्राकडे पाहिलं.

खरी कटकट नावाची. लग्नात आपल्याकडे बाईच्या नावात मधे नवरा येऊन बसतो, आणि तो निघाला तरी प्रत्येक कागदावरून एकदम निघत नाही. आधारवर तिने वडिलांचं नाव परत लावलं होतं: वर्षाराणी झुंबर नागरगोजे. पॅन कार्डावर अजून वर्षाराणी कैलास सानप. कर्जासाठी गेलो तर बँकेतले साहेब दोन्ही कार्डं शेजारी ठेवून म्हणाले, "यातल्या तुम्ही कोणत्या?"

"दोन्ही मीच."

"तसं प्रतिज्ञापत्र लागेल."

प्रतिज्ञापत्र केलं. मग फारकतीच्या निकालाची प्रत. ती दिली तर झेरॉक्सवर पेनाने लिहिलंय म्हणून परत, कोरी आणा. कोरी दिली तर मूळ दाखवा. मूळ दाखवली तर कंपनीचं पत्र. तिने सगळं दिलं. फक्त लिहायची जागा बदलली. मजकुरावर नाही, तर समासात बारीक अक्षरात 'फक्त गृहकर्जासाठी'.

परत येताना रिक्षात मी वैतागून म्हटलं, "तुझा जन्म झाल्याचं पटतंय ना त्यांना, की तेही बाकी आहे?"

"तपासू द्या वहिनी. उद्या माझ्या नावानं दुसरीच बाई उभी राहिली तर माझंच घर जाईल. तपासण्याचा राग नाही मला. तपासून झाल्यावर कागद कपाटात जातो का टेबलावर ऱ्हातो, एवढं विचारलं की समद्यांना मीच चोर वाटते. त्याचा राग येतो."

कर्ज मंजूर झालं. आणि त्याच आठवड्यात कंपनीच्या गेटवर तिच्या गावाकडची, शेजारच्या तालुक्यातली एक बाई तिला म्हणाली, "पेढे कुठंयत गं? नाक्यावर झळकलीस की."

आम्ही दोघी तशाच नाक्यावर गेलो. बिल्डरचा फ्लेक्स होता, चांगला दुकानाच्या शटरएवढा. डोकं फाइलमधल्या पासपोर्ट फोटोतलं, घाबरलेलं. मानेखाली पैठणी नेसलेली, भरल्या अंगाची कुणी दुसरीच बाई, हातात पुठ्ठ्याची मोठी सोनेरी किल्ली. खाली लिहिलं होतं: 'सौ. वर्षाराणी कैलास सानप (जि. बीड) यांचे बी विंगमध्ये हार्दिक स्वागत.'

बँकेने महिनाभर ती तीच आहे का हे तपासलं होतं. आणि इथे तिला दुसरीच्या धडावर बसवायला कुणाला एक कागद लागला नव्हता.

वर्षाराणी ओरडली नाही. ऑफिसात जाऊन टेबलासमोर उभी राहिली.

"मॅडम, लोक स्वतःच्या खर्चाने लावतात, आम्ही कौतुकाने लावला," दर्पण म्हणाला.

"सौ. कुणी सांगितलं?"

"पॅनवर मिस्टरांचं नाव होतं. म्हटलं, मान राहावा."

"माझा मान तुमी ठेवू नका. माझा कागद ठेवा, नीट."

त्याला खरंच वाईट वाटलं असावं. संध्याकाळच्या आत फ्लेक्स उतरला. पण आपल्याकडे उतरलेला फ्लेक्स संपतो का? चांगलं जाड कापड, कोण फेकणार. पुढच्या खेपेला बेटेगावच्या रस्त्याला रिक्षा वळली आणि वर्षाराणीने माझा दंड धरला. रस्त्याकडेच्या शेळ्यांच्या गोठ्यावर ती पसरलेली होती, उलटी, डोकं खालच्या बाजूला, पैठणीसकट, कडेला विटा ठेवून. जाणाऱ्या-येणाऱ्याला नाव वाचता येत होतं.

गोठा कमळीचा. ती पाला टाकत होती. आम्ही म्हटलं, हा कपडा आम्हाला दे.

"कशाला देव? माज्या शेल्या भिजतील."

"त्यावर माझा फोटो आहे," वर्षाराणी म्हणाली.

कमळीने एकदा छपराकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. "तू नाय ती. ती जाडी हाय."

मी कपाळाला हात लावला. आता इथेही ओळख पटवायची. पण वर्षाराणीने पर्स उघडली आणि मी ओळखत होते तेव्हापासून पहिल्यांदाच, कुणी न मागता, आधार कार्ड बाहेर काढून पुढे धरलं.

कमळीने ते उलटसुलट केलं. "मला वाचता नाय येत. पन डोले तेच हायत." मग कार्ड परत देत म्हणाली, "पन माज्या शेल्यांचं काय?"

बोईसरच्या बाजारातून निळी ताडपत्री आणून दिली तेव्हा फ्लेक्स सुटला. एवढ्या कचेऱ्यांत कार्ड बघून झाल्यावर लगेच परत देणारी ती एकटीच, असं वर्षाराणी नंतर म्हणाली.

पालघरला फ्लॅटची नोंदणी झाली. तिथे कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा. मला वाटलं, आता ही काही विचारणार. तिने मुकाट्याने अंगठा टेकवला आणि तो उमटला की नाही हे मात्र पुन्हा विचारून घेतलं.

राहायला गेल्यावर मी तिच्याकडे चहाला बसले असताना इंटरकॉम वाजला. खाली रामू वॉचमन. कुणी कैलास सानप आलेत, फ्लेक्सचा मोबाइलमधला फोटो दाखवतात, बायकोला भेटायचं म्हणतात. वर्षाराणीचा हात कपावर तसाच राहिला.

"मी त्यांना सांगितलं, वर्षाराणी सानप या नावाचं आमच्या यादीत कोणी नाही," रामू म्हणाला. "तरी आत यायचं तर ओळखपत्र दाखवा, नोंद करा. तर कार्ड काढायला तयार नाहीत. म्हणतात, मी कोण ते तिला विचार. फोटोतला चेहरा तुमचा वाटला म्हणून विचारतो, ओळखता का मॅडम?"

"ओळखते," ती म्हणाली. "आत सोडू नका."

मग नेहमीचं झालं. गेटवर आरडाओरडा, नावं ठेवणं, गॅलऱ्यांतून डोकावणारी माणसं. पोलिसांना फोन करते म्हणून मी मोबाइल हातात घेतला, तोवर तो निघून गेला होता. गॅलरीच्या जाळीला, उन्हाला आडोसा म्हणून, गोठ्यावरून आणलेला तो फ्लेक्स बांधलेला होता, पांढरी बाजू रस्त्याकडे. पैठणीतली बाई आतून आमच्याकडे बघत होती. वर्षाराणीने त्याची सुटलेली दोरी परत आवळली.

त्या रात्री मी तिच्याकडेच राहिले. सकाळी बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी, अण्णा. वर्षाराणी माझ्याकडे न बघता ओढणी सारखी करत होती. हे दृश्य तिला पाठ होतं. आता हात जोडतील, बाई, तुम्ही बघा.

अण्णांनी खरंच हात जोडले. "नमस्कार. कालचा माणूस पुन्हा आला तर रामू आधी मला फोन करेल, तुम्ही खाली येऊ नका. आणि दुसरं, खाली पाटीवर तुमची जागा रिकामी आहे. रिकामीच ठेवायची तर राहू दे, फ्लॅटचा नंबर पुरतो. नाव टाकायचं तर कुठलं?"

"टाका," ती म्हणाली. "वर्षाराणी झुंबर नागरगोजे. आता त्याला दार कळलंय. लपवून काय ऱ्हायलं."

"ठीक. पाटीवाल्याला स्पेलिंग चुकू नये म्हणून आधारची एक झेरॉक्स द्या."

मी डोळे मिटून घेतले. वर्षाराणी आत गेली, आणि मला ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. ती पेन शोधत होती.