बापसाच्या जागेवरचा बल्ब

"कोण जाळतंय रात्रभर लाईट? बंगला आठवडाभर बंद, आणि मागच्या खोलीत दिवाळी?"

साहेब ओरडत होते. साहेबांचा आवाज असा, की पळसदरीच्या धरणातले मासे तळाला जाऊन बसावेत. हातात मोबाईल. मोबाईलवर आमच्या खोलीच्या मीटरची रेघ. डॉक्टरने एक्स-रे दाखवावा तशी ती रेघ ते पाहुण्यांना दाखवत होते. शनिवारचे मुंबईचे पाहुणे व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर बसलेले. मी दारात उभी, कोपरापर्यंत कोंबडीचा मसाला.

"साहेब, बाबा गेले ना," मी म्हटलं. "त्यांच्या जागेवर उजेड ठेवलाय. दहाव्यापर्यंत तो विझवायचा नसतो."

"मग तेलाचा दिवा ठेवा. तुमच्यात तेलाचाच असतो ना? बल्ब कुठल्या शास्त्रात सांगितलाय?"

पाहुणे हसले. मोठ्याने नाही. चांगल्या घरातली माणसं हसतात तसे, नाकातून. एक बाई म्हणाल्या, किती इंटरेस्टिंग आहे, या लोकांच्या रीती जपल्या पाहिजेत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, पापड असतील तर आण हं.

बापूस जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. आमच्या घरात चूल पेटत नव्हती, भावकीतून डबा यायचा. आणि मी सुतकात बंगल्याच्या गॅसवर कोंबडी रांधत होते. सुतक साहेबांना चाललं. उजेड चालला नाही.

आता तो बल्ब कशासाठी, ते सांगते. माझा बापूस त्या बंगल्याचा राखणदार. आणि हे खोटं वाटेल, पण गावात कुणालाही विचारा, राखणदार रातांधळा होता. दिवस डोंगराआड गेला की त्याला म्हैस आणि मोटार यातला फरक कळायचा नाही. तरी एवढ्या वर्षांत बंगल्यातला चमचा हलला नाही. तो चोर वासावर ओळखायचा. एकदा म्हणे एकाने कुंपणापलीकडे विडी पेटवली, तर यानं अलीकडून त्याला नावानं हाक मारली आणि म्हणाला, "घरी जा रं, आयस वाट बघत असंल." चोर रडत घरी गेला. रडत गेला हे याला अंधारात दिसलं कसं, ते मी कधी विचारलं नाही.

आमच्यात माणूस जिथं गेला तिथं तांदळाचं पीठ पसरून त्यावर दिवा ठेवतात. गेलेला दहा दिवस आपली जागा शोधत येतो, असं म्हणतात. तेलाचा दिवा आम्ही ठेवलाच होता. पण आय म्हणाली, "त्याला येवढ्याशा वातीनं काय दिसनार हाय? वरचा बल्ब पन ऱ्हाऊ दे."

हे मी व्हरांड्यात कसं सांगणार? राखणदार रातांधळा होता असं म्हटलं असतं, तर साहेबांनी त्याला मेल्यावर कामावरून काढला असता.

म्हणून बाईंना पापड भाजून आणून दिले. हे मला अजून जाळतं. पापड नीट भाजले होते. एकही करपला नव्हता.

तो मीटर बापसानंच निवडला होता. आधी सगळ्या जागेला एकच मीटर होता आणि दर महिन्याला बिल आलं की साहेब फोनवर म्हणायचे, सगळी वीज तुमची खोलीच खाते. बंगल्यात गार हवेची मशिनं, पोहण्याच्या तळ्याचा पंप, झाडांवर माळा. आमच्याकडे एक पंखा, एक बल्ब. तरी आमची खोली खादाड. शेवटी साहेब एका माणसाला घेऊन आले आणि बापसाला विचारलं, तुमच्या खोलीला वेगळा मीटर लावतो. बिलाचा लावू की प्रीपेड?

साहेबांनी आपल्याला काहीतरी विचारलं, यातच बापूस अर्धा फुगला. म्हणाला, "प्रीपेड लावा साहेब. आधी भरू, मग जाळू. कुनाची बोलनी नकोत."

मीटर बसला त्या दिवशी त्यानं गावभर सांगितलं. येईल त्याला भिंतीवरचा आकडा दाखवायचा. घरात नवी सून आणल्यासारखा तो त्या मीटरला जपायचा, त्याच्यावर कोळ्याचं जाळंसुद्धा बसू द्यायचा नाही. आपण आधी भरलेल्या विजेत बसलोय, म्हणजे आपण कुणाचे मिंधे नाही. एवढीच त्याची ऐट होती.

एक गोष्ट त्यानं विचारली नाही. कुणी विचारत नाही. मीटर साहेबांच्या मोबाईलला जोडलेला होता. पैसे आमच्या पगारातून आधीच कापले जायचे, पण वीज सोडायची की तोडायची, ते बटण मुंबईत साहेबांच्या खिशात. पंखा कधी लागला, बल्ब कधी विझला, सगळं त्यांना तिथं दिसायचं. बापूस रात्री चाचपडत त्यांचा बंगला राखत होता, आणि साहेब दादरला बसून त्याची झोप राखत होते.

परत व्हरांड्यात येते. पापड ठेवले आणि वळले, तेवढ्यात साहेबांनी मोबाईलवर बोट दाबलं. माझ्यासमोर. उगाच तासभर बोलणाऱ्याचा फोन कापावा, तशा कंटाळ्यानं.

"झालं," ते पाहुण्यांना म्हणाले. "यांना सांगून उपयोग नसतो."

मी मागं धावले. आमच्या खोलीला खिडकी आहे, पण तिच्यासमोर बंगल्याची पाण्याची टाकी बांधली आहे, त्यामुळे भर दुपारी आत संध्याकाळ असते. आय दिव्याच्या वातीला हाताचा आडोसा करून बसली होती. दुसरा हात भिंतीवरच्या बटणावर. दाबत होती, सोडत होती, दाबत होती.

"आपन भरलं नव्हतं काय गं?" तिनं विचारलं.

"भरलं होतं."

"मंग?"

मी बारावी शिकलेली, बंगल्यावर इंग्रजीत चार वाक्यं बोलून पाहुण्यांना खूश करणारी. मला एवढंच दिसलं, की बापूस जन्मभर ज्याला आपली अब्रू समजला, ती साहेबांच्या अंगठ्याएवढी होती. माणूस मेला तरी ती त्यांनी सोडली नाही. बापूस गेल्यापासून मी रडले नव्हते. तेव्हाही रडले नाही.

बागेतल्या यंत्राची लांब वायर पडवीत टांगलेली होती. तांबड्या रंगाची, अजगराएवढी जाड. ती खांद्यावर टाकली आणि बंगल्याच्या पुढच्या दारानं आत गेले. पुढच्या दारानं मी त्याआधी फक्त झाडू घेऊन गेले होते. हॉलमध्ये गाण्याचा डबा वाजत होता. त्याची पिन उपटली, वायरची खोचली. गाणं मध्येच मेलं. मग वायर सोडत सोडत व्हरांड्यातून, खुर्च्यांमधून, पाहुण्यांच्या पायांमधून निघाले. एका काकांनी पाय उचलून वाट दिली, सापाला देतात तशी.

"काय चाललंय हे?" साहेब उभे राहिले.

"बंगल्याचं बिल महिन्याच्या शेवटी येतं ना साहेब, त्यात जाईल," मी म्हटलं. "दहाव्यापर्यंत ही वायर निघायची नाय. आनि कोंबडी अर्धी शिजलीय. पुढचं तुमचं तुमी बघा."

आवाज असा निघाला, की माझा मलाच ओळखू आला नाही.

साहेबांनी वायर काढली नाही. दया आली म्हणून नव्हे. चार पाहुण्यांदेखत मेलेल्याच्या जागेवरचा उजेड उपटणारा माणूस म्हणून त्यांना दिसायचं नव्हतं. लाज म्हणतात ती त्यांना पाहुण्यांची होती, आमची नव्हती. कोंबडी कुणी शिजवली, कच्ची खाल्ली की टाकली, मला माहीत नाही. रविवारी सगळे गेले.

वायरच्या टोकाला होल्डर जोडून बल्ब बापसाच्या जागेवर टांगला, तो दहाव्यापर्यंत जळला. पण आय त्या मधल्या वेळावर अडकून बसली. साहेबांनी बोट दाबलं तिथपासून मी वायर आणली तिथपर्यंत.

"तेवढ्यात आला असंल तर?" ती म्हणायची. "जागा दिसली नसंल. मागारी गेला असंल गं तो."

मी तिला सांगितलं, दुपार होती, दुपारी त्याला दिसायचं. तरी अजून भाकरी थापताना मध्येच थांबते आणि दाराकडे बघते. मी जगातल्या कुठल्याही गोष्टीचं हसं करू शकते. त्या बघण्याचं मला करता आलं नाही.

दहावं झाल्यावर आम्ही गावातलं बंद घर उघडलं. वर अर्ध्या पत्र्यांची चाळण झालेली, मीटर कधीचा काढून नेलेला. कर्जतला वीज कचेरीत जाऊन मी नव्या मीटरचा अर्ज दिला, स्वतःच्या नावावर. खिडकीतला माणूस म्हणाला, प्रीपेडची सोय असेल तर तोच घ्या, तुमच्यासारख्यांना बरा पडतो. मी म्हटलं, बिलाचाच द्या. आमच्यासारख्यांना आधी उजेड द्यायला जग घाबरतं, म्हणूनच तो मला हवा. बिल थकलं तर वायर तोडायला या. पण दारात या, माझ्या तोंडाकडे बघा, आणि मग तोडा. न बघता तोडणाऱ्याच्या हाती माझ्या घराचा उजेड आता जन्मात जाणार नाही.

पुढच्या शनिवारी साहेब एकटेच आले. नवी बाई मिळाली नसावी. आवाज एवढा खाली, की मासे वर आले असते. म्हणाले, झालं गेलं सोडून द्या, बाबा आम्हालाही घरच्यासारखे होते. मग, बापसाला विचारलं होतं अगदी तसंच, मला विचारलं, "तुमच्या मनासारखं करू. प्रीपेड ठेवायचा, की बिलाचा लावून देऊ?"

मी किल्ली व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवली.

"खोली रिकामी केलीय, साहेब. कुठला लावायचा तो लावा."