यंत्राने कोरडी ठरवलेली विहीर

सोनीबाई डोक्यावर घागर घेऊन उमरखेडच्या कचेरीत शिरली, तेव्हा वाहिद तिथे चहा पीत आपल्याच कामाचं कौतुक ऐकत होता. एकोणीसशे अडुसष्टच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट.

वाहिद म्हणजे कय्युम मिस्त्रींचा मुलगा. मिस्त्री उमरखेडात ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. पोरगा नागपूरला गणित शिकला आणि मुंबईच्या एका गणनकेंद्रात कॉम्प्युटरवर कामाला लागला. कोणत्या विहिरीवर सरकारी इंजिन बसवायचं हे ठरवण्यासाठी त्या वर्षी गावोगावच्या विहिरींचं पाणी मोजलं होतं. हिशेब झाला वाहिदच्या केंद्रात. सुट्टीवर घरी आलेला वाहिद छापून आलेली यादी बघायला म्हणून कचेरीत डोकावला होता.

सोनीबाईनं घागर सरळ नागोराव कारकुनाच्या टेबलावर ठेवली. पाणी हिंदकळून कागदांवर सांडलं.

"हे पाह्य. आमच्या तांड्याच्या इहिरीचं हाय. आज सकाळी भरलं. आन तू इहीर कोरडी म्हणतं?"

"मी नाही म्हणून राह्यलो, बाई. मशीन म्हणून राह्यली. मुंबईची मशीन हाय, ते चुकत नसते."

"मशीन आलती का तांड्यात? दोर सोडून पाह्यलं का तिनं?"

नागोरावनं सुटका करून घेतली. वाहिदकडे बोट दाखवून म्हणाला, "हे मशीनवालेच बसले हायत. यायलेच इचार."

सोनीबाई वळली. "तू कय्युम मिस्त्रीचा ना रे बापू? तुह्या बापानं आमच्या इहिरीचं पाणी पेलं हाय. मंग काहून लेहलं असं?"

वाहिदनं कप खाली ठेवला आणि यादी ओढून घेतली. आधीची पानं ठीक होती. शेवटी उमरखेड तालुका. पहिल्या विहिरीत पाणी शून्य फुटांवर, म्हणजे काठोकाठ. दुसरीत सहा फुटांवर, तिसरीत बारा, चौथीत अठरा. पान संपेपर्यंत प्रत्येक विहीर मागच्या विहिरीपेक्षा बरोबर सहा फूट खोल. सोनीबाईचा तांडा यादीच्या तळाशी, म्हणून त्यांचं पाणी पाताळात.

"ही पहिली विहीर कुठली?" त्यानं विचारलं.

"तिच्यात तं पोरं गोट्या खेळतात," नागोराव म्हणाला. "दोन वर्सं झाले, थेंब नाही. पण इंजिन मंजूर झालं तिले."

"तुम्हाला हे दिसलं नाही?"

"दिसलं नं. पण मशीनच्या कागदावर रेघ मारणारा मी कोण?"

वाहिदनं सगळ्या आकड्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. ते आकडे पाण्याचे नव्हतेच. ते यंत्राच्या पोटातले पत्ते होते.

वाहिद ज्या कार्यक्रमावर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर, काम करत होता, तो माणसांनी लिहिलेल्या सूचना एकेक वाचून यंत्राकडून करवून घ्यायचा, दुभाषाच म्हणा. यंत्राच्या स्मृतीत घरं असतात, प्रत्येक घराला क्रमांक. तो क्रमांक म्हणजे पत्ता. दुभाषा जी किंमत, म्हणजे जी माहिती, हाताळतो, तिच्या कपाळावर खूण असते: हा आकडा, हे नाव, हा पत्ता. खूण आणि ऐवज एकाच जागेत कोंबलेले. लांबलचक पत्ता तसाच त्यात घातला, तर त्याचं पुढचं टोक खुणेच्या जागेत घुसतं आणि पत्ता स्वतःची ओळखच बदलून बसतो. म्हणून वाहिदनं खरे पत्ते वेगळ्या तक्त्यात ठेवले होते. किमतीत फक्त तक्त्यातल्या ओळीचा क्रमांक आणि 'पत्ता' ही खूण. पत्ता काढून घेताना प्रत्येक वेळी आधी खूण तपासायची, मगच तक्ता उघडायचा.

प्रत्येक विहिरीच्या नोंदीला सहा घरं लागत. म्हणून सहा-सहाची शिडी. उमरखेडपर्यंत पोचता पोचता पत्ते इतके मोठे झाले की त्यांचं टोक खुणेत शिरलं, आणि ती खूण नेमकी आकड्याची निघाली. दुभाष्यानं त्या घरात जाऊन खोली आणण्याऐवजी उरलेला पत्ताच पाण्याची खोली म्हणून छापला. कुणीतरी तक्ता काढून टाकला होता.

तो सुट्टी अर्धवट टाकून मुंबईला गेला. तक्ता विभागप्रमुखांनीच काढवला होता, वाहिदला न सांगता.

"जागा खात होता, वेळ खात होता," साहेब म्हणाले. "पत्ते लहान असतात. पुढची जागा रिकामीच असते. दहा विहिरी घालून पाहिलं, उत्तरं बरोबर आली."

"दहा विहिरींचे पत्ते लहानच असणार, सर. जिल्ह्याचे कसे राहतील?"

"मग घाला तुमचा तक्ता परत. एवढं काय त्यात?"

वाहिदनं तक्ता परत घातला. विहिरींच्या नोंदींची तीच भोकं पाडलेली कार्डं यंत्रात पुन्हा चालवली. सोनीबाईच्या तांड्याचं पाणी बावीस फुटांवर आलं, तलाठ्यानं दोर सोडून मोजलं होतं तितकंच. दुरुस्त यादी उमरखेडला पाठवायची ठरली. पण सोबतच्या अहवालात एक वाक्य होतं: आधीची चूक गावपातळीवरच्या सदोष नोंदींमुळे झाली. खाली वाहिदनं सही करायची होती.

"नोंदी सदोष नव्हत्या," वाहिद म्हणाला.

"केंद्राच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. एका घागरीपायी एवढा तमाशा?"

"घागरीपायी नाही. उन्हात फिरून ज्यांनी नीट मोजलं, त्यांना तुम्ही खोटं पाडताय. चूक आपली, आणि डाग त्यांच्यावर!"

त्यानं सही केली नाही. साहेबांनी दुसऱ्याची घेतली. वाहिदनं राजीनामा दिला आणि उमरखेडला परतला. तिसऱ्या दिवशी कय्युम मिस्त्री पाना त्याच्या हातात देऊन म्हणाले, "चल. दुकान तो है."

कोरड्या विहिरीला मंजूर झालेलं इंजिन तिथेच उघड्यावर पडून राहिलं. ते परत कुणी न्यायचं यावर दोन कचेऱ्यांचं भांडण चाललं होतं. तांड्याचं इंजिन पुढच्या वर्षी आलं. बसवायला मिस्त्री आणि वाहिदच गेले. उद्घाटनाला यवतमाळहून एक अधिकारी आले, तांड्यानं त्यांना हार घातला. भाषणात ते म्हणाले, "हा कॉम्प्युटरचा चमत्कार आहे. गावकऱ्यांनी नोंदी चुकवल्या म्हणून थोडा उशीर झाला, एवढंच."

इंजिनापाशी बसलेला वाहिद उठला. हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले.

"नोंदी बरोबर होत्या."

"तुम्ही बसा, मिस्त्री."

"नोंदी बरोबर होत्या, साहेब. आमचा कार्यक्रम चुकला होता. मीच तिथं कामाला होतो."

"बसा म्हटलं ना!"

तो बसला नाही. मागून सोनीबाईचा आवाज आला, "काहून बसन तो? खरं तं सांगून राह्यला!" बायका हसल्या, पुरुषांत कुजबुज झाली. अधिकाऱ्यांनी भाषण घाईनं आवरलं. त्यांनी शब्द मागे घेतला नाही, आणि अहवालातलं ते वाक्यही कुणी कधी खोडलं नाही.

वाहिदनं हात पुसले, हँडल लावलं आणि जोर देऊन इंजिन फिरवलं. दोनदा खोकून ते सुरू झालं.