पाद्रीबाबांच्या वीस उड्या

सरोवराकाठच्या त्या गावात सर्रास बोललं जायचं की दवाखान्यातली एस्नात नाम्वाले पुरुषांना नाचवल्याशिवाय त्यांची लघवी घेत नाही, आणि घेतलेली लघवी पुढे करणीला वापरते. करणीचं साफ खोटं. नाचवण्याचं मात्र जवळपास खरं. मूत्राशयात रुतलेली जंतांची अंडी सुटावीत म्हणून ती लोकांना उड्या मारायला लावायची, आणि नमुना घ्यायची तोही टळटळीत दुपारी, कारण अंडी तेव्हाच जास्त उतरतात. पण हे समजावायला तिला फुरसत नव्हती आणि ऐकायला गावाला गोडी नव्हती. करणी ऐकायला बरी लागते.

बावीस वर्षं एकाच मायक्रोस्कोपला लावून तिचा उजवा डोळा बारीक झाला होता. त्या डोळ्याने तिने नुसतं बघितलं तरी बाजारातली मासळीवाली मूठभर उसिपा, म्हणजे सरोवरातली बारीक मासळी, आपणहून जास्त घालायची. गावाला ताप आला की मलेरियाच हवा असे. हिने कागदावर ‘नाही’ लिहिलं की लोक लग्नाचं आमंत्रण चुकल्यासारखे रुसत.

अशात पाद्री कासितोंच्या लघवीच्या शेवटी रक्त जाऊ लागलं. त्यांच्या बायकोने ही गोष्ट फक्त सख्ख्या बहिणीला सांगितली, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला कळली. गावाने निदानही करून टाकलं: बंदरावरच्या कुणा बाईचा प्रसाद! चर्चच्या पंचांनी रविवारच्या आत तपासणीचा कागद मागितला. तसला रोग निघाला तर प्रवचनाची जागा जाणार, आणि चर्चने दिलेलं घरही.

कुणी बघू नये म्हणून पाद्रीबाबा सकाळी सातलाच हजर.

“दुपारी या,” एस्नात म्हणाली.

“बाई, दुपारी गर्दी असते हो.”

“अंडीही तेव्हाच असतात.”

दुपारी ओसरीवर निम्मी प्रार्थनासभा जमली होती. मधोमध पंचांचे म्होरके, डिकिसोनी आजोबा.

“कोट काढा. वीस उड्या.”

“मी? देवाचा सेवक?”

“मूत्राशयाला काय कळतंय ते?”

“त्यापेक्षा मलेरिया लिहून टाका ना, बाई.”

“लिहिते की. मग रविवारी पंचांना तोच वाचून दाखवा.”

कोट उतरला. सातव्या उडीला मागून कुणीतरी भजन धरलं, पंधराव्याला टाळ्या सुरू झाल्या.

एस्नातने नमुना यंत्रात गरगर फिरवला, तळाचा गाळ काचेवर घेतला आणि डोळा लावला. मग तिने डिकिसोनींनाच धरून मायक्रोस्कोपवर वाकवलं.

“काय दिसतंय, आजोबा?”

“भोपळ्याचं बी दिसतंय, पोरी. टोकाला काटा आहे.”

“टोकालाच आहे ना? म्हणजे बिल्हार्झिया, जंतांचा रोग. हीच अंडी आतून टोचत बाहेर पडतात, म्हणून रक्त.”

“ते असू दे. पण दिला कुणी? बाईचं नाव सांग.”

“सरोवराने दिला. बाप्तिस्मा देताना हे कमरेएवढ्या पाण्यात तासन्‌तास उभे असतात ना, तिथल्या पाणगवतात गोगलगायी आहेत. त्यांच्यातून बारीक किडे सुटतात आणि माणसाच्या कातडीतून आत शिरतात.”

डिकिसोनींचा चेहरा खुलला: पाद्री वाचले! मग हळूहळू उतरला. बाप्तिस्म्याची बुडी घेणाऱ्याचा दुसरा दंड धरायला दर वेळी पाण्यात तेच उभे असत.

“किती उड्या म्हणालीस?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुम्हाला दहा पुरे.”

तिने पाद्रीबाबांचा कागद लिहिला, खुणांच्या काठीने उंची मोजून त्या हिशेबाने गोळ्या हातावर ठेवल्या. प्रवचन राहिलं, घर राहिलं. पाद्रीबाबा तर तिला तिथेच आशीर्वाद द्यायला निघाले होते. डिकिसोनींना मात्र दहा उड्यांनी धाप लागली होती, आणि पंचांच्या म्होरक्याने धापा टाकत का होईना, शेवटचा शब्द आपला ठेवायचा असतो.

“एस्नात, बाहेर असलं काही बोलू नकोस हो. ते पाणी पवित्र केलेलं आहे.”

“पाणी असेल, आजोबा. गोगलगायींना अजून कुणी बाप्तिस्मा दिलेला नाही.”