सेनापतींचं घोडदळ

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, आदिलाबादेत तहसील कचेरीत कारकून होते. साहेबांची घंटी वाजली की त्यांच्या हातातली मिसल, म्हणजे कागदांची फाईल, खाली पडायची. चहाचा कप हातात दिला तर बशी टाळ वाजवायला लागायची. पण तोच हात ज्वारीच्या दाण्याएवढ्या डोक्यावर दोन डोळे काढायचा, आणि डोळ्यांत बुबुळंसुद्धा! त्या वेळी ते श्वास रोखून धरत. "वहिनी, आता बोलू नका. श्वास सुटला का शिपाई तिरळा होते." मी मुद्दाम बोलत असे. त्यांच्या पायदळात जेवढे तिरळे होते ते सगळे माझे.

गल्लीत त्यांचं नाव सेनापती. या सेनेची भरती हैद्राबादेहून होई. तिथल्या एका मित्राचा भाऊ परदेशातून करड्या प्लास्टिकच्या शिपायांची खोकी पाठवायचा. बोटाच्या पेराएवढे गोरे सोजीर, डोक्यावर उंच टोप. भाऊजी ब्लेडनं टोप उडवत आणि गळक्या नळाला लावतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, घेऊन तिची पगडी वळून बसवत. मग मिशा, अंगरखा, कमरेचा शेला. निर्मल गावच्या खेळणी रंगवणाऱ्यांकडून आणलेले खारीच्या केसांचे कुंचले फिरले की आमच्या ओसरीवर सोजिराचा मराठा होई. रविवारी दोन ट्रंकांवर जुनं दार आडवं पडे, दारावर हिरवी चादर. तुराट्यांची झाडं, आणि तोफांचा धूर म्हणून पिंजलेला कापूस. शाळेच्या फूटपट्टीनं मोजून शिपाई सरकवायचे, फासा टाकून कोण मेलं ते ठरवायचं. लढाई कायम एकच, पानिपत.

मी तेव्हा नवीन लग्न होऊन आले होते, आणि इतिहास घेऊन बी.ए. झाले होते. म्हणजे मला सगळंच कळत होतं. पानिपत कोणत्या दिशेला आहे ते ठाऊक नव्हतं, पण तिथं कोणाचं चुकलं ते पाठ होतं. ओसरीच्या पायरीवर बसून भाजी निवडता निवडता मी मराठी साम्राज्याला सल्ले देत असे. एकदा ठामपणे सांगितलं, "भाऊजी, पगड्या लाल पाहिजेत. माझा अभ्यास आहे." बिचाऱ्यांनी आख्खं पायदळ लाल केलं. अभ्यास कसला? आमच्या माहेरी तेलाच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यातल्या मावळ्याची पगडी लाल होती! बी.ए.चं प्रमाणपत्र मात्र मी काच लावून भिंतीवर टांगलं होतं.

रंगापुढं त्यांना काही दिसत नसे. त्यांच्यासाठी बोथ गावी मुलगी पाहायला गेलो. सगळ्यांनी आग्रह केला, काहीतरी विचार. भाऊजी बराच वेळ मुलीच्या पदराकडे पाहत होते. मग म्हणाले, "हा जांभळा कुठं भेटते?" मुलीच्या बापानं पोह्यांच्या बशा उचलल्या. परतीच्या बसमध्ये सासूबाई कपाळ धरून बसल्या होत्या आणि हे खिडकीबाहेर पाहत पुटपुटत होते, "निळ्यात थोडासाक कुंकू टाकला तर जमते." जमला. त्या जांभळ्यातच त्यांनी आपलं घोडदळ रंगवलं. घोड्यांच्या झुलींवर बुट्टे, रिकिबींना सोनेरी ठिपका. एवढं देखणं सैन्य हिंदुस्थानात झालं नसेल.

आणि एवढं निकामीही. कारण ते घोडदळ लढतच नसे. भाऊजी त्याला सगळ्यांच्या मागे, दाराच्या कोपऱ्यात, धुतलेल्या रुमालाखाली ठेवत. मी विचारी, "हे घोडदळ लढाईला आलंय का हळदीकुंकवाला?"

"तुमी काऊन हासून राह्यल्या, वहिनी? पुढं नेलं तर रंग खरचटन ना त्याईचा."

समोर अफगाणांच्या बाजूला असत तामसीचे गुरांचे डॉक्टर. माणूस तेलुगू, म्हणून भाऊजी त्यांना तेलुगू रीतीनं आदरानं 'डॉक्टरगारू' म्हणत; मराठी शिकला ती गुरांच्या मालकांकडून. आल्या आल्या विचारत, "काय सेनापती, चारा-पाणी झाला?" त्यांचे अफगाण मिठाईच्या डब्यातून खडखडत येत. रंगाचं बोट लागलेलं नाही, निम्म्यांच्या तलवारी मोडलेल्या. डॉक्टर मूठमूठभर पुढं लोटत आणि दर रविवारी पानिपत जिंकून संध्याकाळच्या बसनं तामसीला जात.

मग डॉक्टरांची बदली झाली. आंध्राचं राज्य केवढं लांबलचक, आणि सरकारला सापडलं ते पार दुसरं टोक, अनंतपूर. शेवटचा रविवार आला. त्या दिवशी भाऊजी जेवलेच नाहीत. मला म्हणाले, "वहिनी, एकदा तरी जिकलं पायजे. हे गेले का मंग कोणासंग लढू?"

लढाई नेहमीसारखीच सुरू झाली. आपले लाल पगडीवाले पटापट आडवे. पण त्या दिवशी डॉक्टरांचे फासेही रुसले होते. अफगाणांचा सरदार उघडा पडला, आणि त्याच्यापर्यंत पोचेल असं एकच काही उरलं होतं. आम्ही तिघांनीही रुमालाकडे पाहिलं.

"सेनापती," डॉक्टर म्हणाले, "बैल गोठ्यात ठेवून पेरणी नाय होत."

भाऊजींनी रुमाल काढला, घडी करून खिशात ठेवला. एकेक घोडा पुढं सरकवला. हातात कुंचला नव्हता, त्यामुळे हात लटलट कापत होता. शेवटचा घोडा सरकवताना बाही अडकली आणि तो दारावरून थेट फरशीवर. त्याच झटक्यात मुठीतला फासाही सुटला, आणि पडला तो सहा!

सहा मी पाहिला. अफगाण सरदार मेला होता, मराठे जिंकले होते! मी भाजीची परात टाकून गल्लीत धावले आणि दारोदार सांगत सुटले, "पानिपत आपण जिंकलं!" एका म्हातारीनं विचारलं, "कोनती शाळा हाय ते?"

धापा टाकत परतले तर दोघं फरशीवर मांडी घालून बसलेले. घोड्याचा पुढचा पाय मोडला होता. डॉक्टर चष्मा नाकावर ओढून आगकाडीचा तुकडा त्या पायाला दोऱ्यानं बांधत होते आणि भाऊजींनी घोड्याचं तोंड चिमटीत धरलं होतं.

"वाचन ना, डॉक्टरगारू?"

"वाचेल. पण नांगराला जुपू नका."

मी म्हटलं, "अहो, आपण जिंकलो! कोणाला पत्ता आहे का?"

डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू, ताई. पेशंट झोपला."

संध्याकाळची बस निघून गेली होती. भाऊजींनी त्यांना सायकलवर मागं बसवून तामसीच्या रस्त्याला सोडायला नेलं. डॉक्टर पुन्हा कधी भेटले नाहीत, आणि ते दार परत ट्रंकांवर चढलं नाही. भाऊजी पुढं बरीच वर्षं जगले. कोणी चिडवायला विचारलं, काय सेनापती, शेवटी पानिपतात झालं काय, तर ते विचार करून सांगत, "एक घोडा जखमी झाला होता. बाकी काई नाई."