टेकूकाका आणि सोमवारची बैठक

टेकूकाकांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. तरुणपणी ते रग्बी खेळायचे, प्रॉपच्या जागेवर. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे गडी डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात, तेव्हा पुढच्या रांगेच्या कडेला उभं राहून सगळा भार मानेवर घेणारा तो प्रॉप. "प्रॉप म्हणजे टेकूच की रे," असं एका मित्रानं एकदा चिडवलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. खेळ सुटला, केस गेले, मान आखडली, पण टेकू राहिला. पुढच्या पिढीनं त्याला फक्त काका जोडलं.

धंदा सोफे दुरुस्तीचा. जुन्या खुर्चीचं कापड उतरवायचं, खालच्या पट्ट्या ताणून बसवायच्या, स्प्रिंगा बांधायच्या, फोम कापायचा, वरून नवं कापड चढवायचं. बारीक खिळे ओठांत धरून ते एकेक ठोकत, आणि त्यामुळे दिवसभर गप्प असत. मागच्या खोलीत काकूंचं शिलाई मशीन चाले. कापड कापणं आणि शिवणं त्यांच्याकडे. दोघांचं बोलणं मशीन थांबलं की व्हायचं आणि खिळे संपले की.

सोमवारी संध्याकाळी मात्र खिळ्यांची डबी बंद. शनिवारी क्लबाचा सामना, रविवारी घरच्यांना तोंड दाखवायचं, म्हणून चर्चा सोमवारी. मंडळी येत आणि गिऱ्हाइकांच्या अर्ध्या झालेल्या सोफ्यांवर ऐसपैस बसत. "मजबुती तपासून घेतोय," असं टेकूकाका गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

नेहमी येणाऱ्यांत एक दातांचे डॉक्टर होते. नियमांत कुठे काना-मात्रा बदलला तरी यांना आधी कळणार. दुसऱ्या बसवाल्या ताई. त्या शाळेची बस चालवायच्या आणि त्यांचा मुलगा क्लबाचा स्क्रम-हाफ होता. स्क्रममधून बाहेर आलेला चेंडू उचलून पुढे पाठवायचं काम त्याचं. अंगानं लहान, पण सतत गरगरत असायचा, म्हणून सगळे त्याला भिंगरी म्हणत. आणि तिसरे मास्तर, क्लबाचे कोच. टेकू हे नाव ठेवणारा मित्र तो हाच. कोच झाल्यावर लोकांनी त्याला मास्तर केलं, पण टेकूकाकांशी त्याचं अरे-तुरे सुटलं नाही. तो बैठकीला आला की मंडळी त्याच्याच निर्णयांची त्याच्यासमोर चिरफाड करत, आणि तो पाय लांब करून हसत ऐकून घेई.

नियम बदलण्याचा विषय निघाला की टेकूकाका पेटत.

"आता टॅकल छातीच्या खालीच करायचा," डॉक्टरांनी एका सोमवारी बातमी दिली. "वर हात गेला की पेनल्टी."

"मग काय, समोरच्याला गुदगुल्या करायच्या?"

"आणि डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर. त्या सामन्यात परत यायचं नाही."

"शंका!" टेकूकाका म्हणाले. "आमच्या वेळी डोकं आपटलं तर बादलीभर पाणी ओतायचे. उठला तर खेळला."

मागच्या खोलीत मशीन थांबलं. "मानेला पट्टा बांधून कोण बोलतंय ते जरा बघा," काकूंचा आवाज आला. गार हवा पडली की टेकूकाकांना मानेचा पट्टा लागायचा, आणि तो त्या वेळी गळ्यातच होता. मास्तर तर हसून हसून सोफ्यावरून घसरला.

त्या वर्षी क्लब उपांत्य फेरीत पोचला. कित्येक वर्षांनी असा योग आला होता. टेकूकाका नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत, संघाच्या बाकाशेजारी बसले होते. उत्तरार्धात भिंगरीनं आपल्या दुप्पट आकाराच्या गड्याला अडवलं. गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो पडला, लगेच उठला, हात झटकले. पुढचा स्क्रम लागला आणि भिंगरी तुरुतुरु जाऊन समोरच्या संघाच्या स्क्रममागे उभा राहिला. चेंडूची वाट बघत, कमरेत वाकून.

लोक खो खो हसले. टेकूकाकाही हसले, आणि हसता हसता त्यांना त्याचे डोळे दिसले. पोरगं चुकलं नव्हतं. आपण कुठे आहोत तेच त्याला ठाऊक नव्हतं.

क्लबाच्या फिजिओनं पळत जाऊन त्याला बाजूला आणलं आणि बाहेर काढायचं असा हात केला. मास्तरनं तिला थांबवलं. सामना बरोबरीत होता, आणि बाकावर दुसरा स्क्रम-हाफ उरला नव्हता. "खांद्याला लागलंय, बाकी काही नाही," त्यानं रेफरीला सांगितलं.

"अरे, बाहेर काढ त्याला!" टेकूकाका ओरडले. प्रॉपचा आवाज तो, अर्ध्या मैदानाला ऐकू जाणारा. मास्तरनं वळून पाहिलं. दोघांची नजरानजर झाली. मग मास्तरनं मान फिरवली आणि भिंगरीच्या पाठीवर थाप मारून त्याला आत पाठवलं.

सामना जिंकला. लोकांना आभाळ ठेंगणं झालं, मास्तरला खांद्यावर घेऊन मिरवलं. कपडे बदलायच्या खोलीत भिंगरीला उलट्या सुरू झाल्या, आणि आईचं नाव विचारलं तर त्याला सांगता येईना. बसवाल्या ताई मुलाला घेऊन इस्पितळात गेल्या. टेकूकाका त्यांच्याबरोबर तिथल्या कडक खुर्च्यांवर बसून राहिले. इस्पितळाच्या डॉक्टरांनी येऊन जिवाला धोका नाही म्हणून सांगितलं तेव्हा ताई म्हणाल्या, "काका, या खुर्च्या तुमच्याकडे द्यायला हव्यात हो," आणि हमसून रडायला लागल्या.

भिंगरी घरी आला, पण उजेड सहन होईना, वाचता येईना, जिना चढताना तोल जाई. अंतिम सामना त्याच्याविना झाला आणि क्लब हरला. सोमवारी मंडळी जमली. नशीब खोटं, खेळच असा धसमुसळा, असं जो तो बोलत होता. मास्तर त्या सोमवारी आला नव्हता. टेकूकाकांनी संध्याकाळभर खिळे तोंडातच ठेवले.

पुढच्या महिन्यात क्लबाची सभा होती. मास्तरला आणखी तीन वर्षं कोच ठेवायचा ठराव यायचा होता, आणि तो पास होणार यात कुणाला शंका नव्हती. आदल्या दिवशी बसवाल्या ताई दुकानात आल्या.

"काका, तुम्ही उभे राहून बोलणार म्हणे."

"विचार आहे."

"नका बोलू. माझ्या पोराला अजून त्याच क्लबात खेळायचंय. उद्या लोक म्हणतील, याच्यामुळे कोच गेला."

टेकूकाकांनी हातोडी खाली ठेवली. "ताई, तुझ्या पोराचं नाव घेणार नाही. पण बोलल्याशिवाय राहवणार नाही मला. तू रागाव हवं तर."

ताई रागावल्याच. दार आपटून गेल्या.

सभेत ठराव वाचून झाला, टाळ्या पडल्या, आणि टेकूकाका उठले. मान वळत नसल्यामुळे त्यांना सगळं अंगच वळवून लोकांकडे बघावं लागे. भाषणाची सवय नव्हती. हात खिशात घालावेत की बाहेर ठेवावेत हेही कळेना.

"मला हा नवा नियम आवडला नव्हता," ते म्हणाले. "मी त्याची टिंगल केलीये, इथल्या बऱ्याच जणांनी ऐकलीये. पण परवा आमचा एक पोरगा दुसऱ्यांच्या स्क्रममागे जाऊन उभा राहिला. आपण सगळे हसलो. मीही हसलो. नियम त्याच्याचसाठी होता, आणि आपण तो पाळला नाही. मास्तर माझा मित्र आहे. त्याच्याइतका खेळ इथे कुणाला कळत नाही. पण ज्याच्या हाती दुसऱ्यांची पोरं द्यायची, त्याला सामना हरता आला पाहिजे. त्यानं ही जागा सोडावी असं मला वाटतं."

एवढं बोलून ते बसले. कुणीतरी मागून "गद्दार!" म्हणून ओरडलं. मग फिजिओ उठली आणि आपण काय सांगितलं होतं ते तिनं सांगितलं. मग आणखी दोघा पोरांचे बाप उठले. ठराव पडला. मास्तर जाताना टेकूकाकांच्या समोरून गेला, पण पाहिलं नाही.

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "बोललात?"

"बोललो."

"मग आता जेवा."

नवी कोच आली. वयानं तरुण, बोलायला तुटक, आणि मार बसलेल्या खेळाडूला डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सरावालाही उभं न करणारी. क्लब हरायला लागला. एक सामना, दुसरा, मग हरायची सवयच लागली. खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार हे सांगायला नको. "आणा अजून नवा कोच, टेकूकाका!" असं लोक रस्त्यावरून ओरडून जात. सोमवारची बैठक ओस पडली. फक्त डॉक्टर येत. दोघं दोन सोफ्यांवर समोरासमोर बसत, आणि वाद घालायला तिसरा नसल्यामुळे लवकर उठत.

टेकूकाकांनी मैदानावर जाणं सोडलं नाही. पहिली रांग, तीच जागा. शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहत तरी तेच. आणि त्याच सुमारास त्यांनी एक असं काम काढलं की काकूंनाही हसू आवरेना. लहान मुलांच्या सामन्यांसाठी रेफरी मिळत नव्हते, म्हणून क्लबानं नियमांचा वर्ग सुरू केला होता. टेकूकाकांनी त्यात नाव घातलं. कॉलेजातल्या पोरापोरींच्या मधोमध, इवल्याशा बाकावर, मानेला पट्टा बांधून ते बसत. पहिल्या परीक्षेत नापास झाले.

"उत्तरं येत होती," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "पण ती जुन्या नियमांची होती."

दुसऱ्या खेपेला पास झाले. डॉक्टरांनी महिनाभर रोज तोंडी परीक्षा घेतली, एकदा तर त्यांची दाढ साफ करताना. तेव्हा टेकूकाकांनी बोटांच्या खुणांनी उत्तरं दिली, आणि ती सगळी बरोबर आली. मग दर रविवारी सकाळी दहा-बारा वर्षांच्या मुलांमध्ये शिट्टी घेऊन ते धावू लागले. धावणं म्हणजे काय, तर घाईघाईनं चालणं. पण एखादं पोर पडून उठलं की त्याच्यासमोर सावकाश उकिडवं बसून, "आपण कुठल्या बाजूला खेळतोय रे, राजा?" असं विचारताना त्यांना कसलीच घाई नसे. बाहेरून आई-बाप कितीही ओरडोत.

भिंगरी वर्षभर घरी होता. पुढच्या हंगामात इस्पितळाच्या डॉक्टरांनी परवानगी दिली. तो परतला त्या शनिवारी बसवाल्या ताई येऊन टेकूकाकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. बऱ्याच दिवसांनी. शेवटच्या दहा मिनिटांसाठी नव्या कोचनं त्याला आत पाठवलं आणि टेकूकाकांनी डोळे मिटून घेतले.

"काका, बघा की!"

"तू बघ आणि मला सांग."

"पास दिला. बरोबर दिला. आता पडला. उठला." ताईंनी त्यांचा दंड घट्ट धरला होता. "आपल्याच बाजूला गेला हो काका, आपल्याच बाजूला."

त्यानंतरच्या सोमवारी ताई बैठकीला आल्या. आणि आठवडाभरानं, मंडळी यायच्या आधी, दारात मास्तर उभा. वाळला होता. टेकूकाका एका खुर्चीच्या पाठीला बाकदार सुईनं टाके घालत होते. उठले नाहीत, पण समोरच्या सोफ्यावरची कापडं बाजूला केली. मास्तर बसला.

"त्या दिवशी तू ओरडलास ते मला ऐकू आलं होतं," मास्तर म्हणाला.

"ठाऊक आहे."

"मी तुझ्याकडे पाहिलंही होतं."

"हो."

"मग सभेत ते का नाही सांगितलंस? तेवढं बोलला असतास तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी वाट बघत होतो, आता बोलेल, मग बोलेल. वर्षभर हेच डोक्यात घोळतंय."

टेकूकाकांनी दोरा ओढून गाठ मारली. "तुला त्या जागेवरून उठवायचं होतं. गावातून उठवायचं नव्हतं."

मास्तर तळहातानं सोफ्याचं कापड उगाचच एका दिशेनं सारखं करत राहिला. मग म्हणाला, "मी त्याच्या घरी गेलो होतो. भिंगरीच्या. आधी त्याच्या आईशी बोललो, मग त्याच्याशी. तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही."

"विचारेल. वेळ लागेल. परत जा."

"जाणारे."

मागे मशीन थांबलं होतं. काकू तीन पेले चहा घेऊन आल्या आणि मास्तरच्या हातात त्याचा देत म्हणाल्या, "नीट बसा भाऊजी. त्या सोफ्याची स्प्रिंग बांधायची राहिलीये, टोचेल."

तेवढ्यात डॉक्टर आले. मास्तरला पाहून दारातच थबकले, पण नियमाची बातमी पोटात ठरेना. स्क्रम लावायला किती वेळ द्यायचा यावर म्हणे आता घड्याळ लागणार. "घड्याळ?" मास्तर ताडकन उठला. "स्क्रम म्हणजे काय अंडं उकडणं आहे?" टेकूकाकांनी सुई खाली ठेवली आणि सांगितलं की घड्याळ हवंच, रविवारी बारा वर्षांची पोरं स्क्रम लावायला इतका वेळ घेतात की वाट बघून आपलीच मान अवघडते. वाद चांगलाच रंगला. बसवाल्या ताई आल्या, मास्तरला पाहून क्षणभर उभ्याच राहिल्या, मग लांबच्या खुर्चीवर बसल्या आणि घड्याळाच्या बाजूनं भांडू लागल्या.